दिवजकारणीचा प्रश्न

आमच्या पेडण्याच्या घरात देव आणि टीव्ही एकाच भिंतीला होते. वर कोनाड्यात देव, आणि बरोबर त्यांच्या खाली, आजोबांच्या जुन्या पेटीवर, टीव्ही. आई सकाळी देवांना पिटकोळीची लाल फुलं वाहायची. त्यातली चार-दोन घरंगळून टीव्हीच्या डोक्यावर पडायची आणि दिवसभर तिथेच राहायची, कारण देवाचं फूल उचलून टाकायचं कुणी आणि कुठे, हा प्रश्न आमच्या घरात कधी सुटला नाही. पुढे जे घडलं त्याचं मूळ या मांडणीत आहे, असं आता पन्नाशीकडे झुकताना मला वाटतं. देव माडीवर असते, तर माझा भाऊ आज कदाचित एखाद्या मोठ्या बोटीचा कप्तान असता.

बाबा वास्कोला बंदरात कारकून होते. आठवडाभर तिकडे खोली घेऊन राहत आणि शनिवारी संध्याकाळच्या बसने घरी येत. आमच्याकडच्या डोंगरांतली लोखंडाची तांबडी माती तेव्हा बोटी भरभरून जपानला जायची. त्या बोटींवरच्या खलाशांशी बाबांची खुणांच्या भाषेतली मैत्री होती. त्यांच्यापैकी एका म्हाताऱ्या खलाशाला आमच्या परसातल्या काजूच्या बिया फार आवडल्या, आणि पिशवीभर भाजक्या बियांच्या बदल्यात त्याने बाबांना एक करड्या रंगाचं खोकं दिलं. सोबत हातात धरायचं एक बटणांचं यंत्र, दोन वायरी आणि एक जाडसर प्लास्टिकची चौकोनी वडी. वडीवर चित्र होतं: धुक्यात उभी असलेली एक बाई आणि तिच्या हातात पेटता दिवा. बाबांनी ते खोकं पेटीवर ठेवलं, म्हणाले, "काय ता माका समजणा नाय. टीव्हीक लावतत म्हणे." मग ते अंघोळीला गेले, आणि दादाने ते टीव्हीला लावलं.

दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. नाव मोहन, पण मी त्याला नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. त्याच्या हातात कुठलीही वस्तू दिली की ती पाच मिनिटांत चालू तरी व्हायची किंवा कायमची बंद तरी पडायची. हे खोकं चालू झालं. काळ्या पडद्यावर हळूहळू पांढरं धुकं पसरलं, त्यातून एक सूर आला, बासरीसारखा बारीक आणि जरा रडवेला, आणि धुक्याच्या आत चार बोटभर माणसं एकामागून एक चालू लागली. त्याच वेळी बाहेर रस्त्यावर पोदेर सायकलवर पाव घेऊन आला आणि त्याने आपला भोंगा वाजवला. तो सूर आणि तो भोंगा माझ्या कानात असे एकत्र बसले आहेत की अजूनही गरम उंडे-पावांचा वास आला की मला धुकं दिसतं.

खेळ जपानी होता. पडद्याच्या खालच्या पट्टीत अक्षरांच्या ओळीच्या ओळी उमटायच्या आणि आम्हाला त्यातलं एकही अक्षर येत नव्हतं. आज मला वाटतं, तेच आमचं भाग्य. जे कळत नव्हतं ते आम्ही आमच्या पदरचं घालून भरून काढलं. चौघांत पुढे चालणारा शेंडीवाला मुलगा म्हणजे खंडू. दिवा घेतलेली बाई म्हणजे दिवजकारीण, कारण आमच्या देवळात दिवजोत्सवाला सवाशिणी पेटती दिवजं हातात घेऊन देवाभोवती फिरतात, तशीच ती सरळ मानेने, दिवा न हलवता चालायची. डोक्यावर टोपली असलेला जाड्या म्हणजे पोदेर. चौथा एक म्हातारा होता, तो सारखा मरायचा आणि दिवजकारीण त्याला सारखी उठवायची. त्याला आम्ही आजोबा म्हणत असू. आणि मधून मधून छत्री घेऊन येणारा, यांची वाट अडवणारा काळा माणूस हा अर्थातच भाटकार. जमीनदाराशिवाय वाट कोण अडवणार, अशी आमची समजूत होती. हे सगळे एका अशा देशातून चालत होते जिथे कायम धुकं असे, आणि दिवजकारणीच्या दिव्याचा उजेड जेवढा पडेल तेवढाच देश दिसे.

बटणांचं यंत्र एकच होतं आणि ते दादाकडे असे. माझं काम नकाशाचं. एकदा गेलेली वाट धुक्यात पुन्हा सापडत नसे, म्हणून मी जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून त्यांच्या पाठीवर पेन्सिलीने तो देश काढत असे. इथे विहीर, इथे पूल, इथे भाटकार भेटला, इथे आजोबा गेले. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या त्या लांब दुपारी, बाहेर काजूच्या बोंडांचा गोड आंबूस वास दाटलेला, आई आदोळीवर बसून नारळ खवते आहे, पंखा कुरकुरतो आहे, आणि मी जमिनीवर पालथी पडून एका नसलेल्या देशाच्या नद्या काढते आहे. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात शांत चित्र कुठलं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. नंतर मी पंचवीस वर्षं शाळेत भूगोल शिकवत आले. खऱ्या देशांचे नकाशे फळ्यावर काढताना माझा हात कधी इतका जपून चालला नाही.

खेळात अडचण एकच होती. अधूनमधून कुणीतरी येऊन काहीतरी विचारायचं आणि पडद्यावर दोन छोटे शब्द उमटायचे, एक वर, एक खाली. त्यातला एक निवडायचा. एक होकार असणार आणि एक नकार, एवढं आम्ही ताडलं होतं. पण कशाला होकार नि कशाला नकार, हे कळायला मार्ग नव्हता. सुरुवातीला दादा नेहमी वरचा दाबायचा. मग एका गावात एका गोड चेहऱ्याच्या बाईने काहीतरी विचारलं, दादाने वरचा दाबला, आणि त्या बाईने आमचे सगळे कपडे, तलवारी आणि पोदेराची कुऱ्हाडसुद्धा नेली. तीन दिवसांची मेहनत पाण्यात. दादाने यंत्र बाजूला ठेवलं. मग उठला, टीव्हीच्या डोक्यावरची दोन पिटकोळीची फुलं उचलली, त्यांच्या दोन पाकळ्या खुडल्या, पेल्यातल्या पाण्यात बुडवल्या आणि टीव्हीच्या काचेवर चिकटवल्या. एक उजवीकडे, एक डावीकडे.

"कौल लावया," तो म्हणाला. "उजवी पडली तर वरचा. डावी पडली तर खालचा."

आमच्याकडे लग्न ठरवायचं असो, विहीर खणायची असो, की म्हशीला कुणी नजर लावली ते विचारायचं असो, माणसं देवळात जाऊन कौल लावतात. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि कुठली आधी पडते ते बघत बसायचं. उजवी पडली की देवाचा होकार. तेव्हा दादाने जे केलं ते आम्हाला जराही विचित्र वाटलं नाही. आईला मात्र वाटलं. "देवाची थट्टा करतास रे?" ती आदोळीवरूनच ओरडली. दादा म्हणाला, "थट्टा खंय? इचारतंय." आई थोडा वेळ पुटपुटत राहिली, पण नंतर मी पाहिलं, नारळ खवता खवता तिची नजर त्या दोन पाकळ्यांवरच होती. डावी पडली. दादाने खालचा शब्द दाबला. पुढच्या गावात आम्हाला नवीन कुऱ्हाड मिळाली. त्या दिवसापासून आई मुकाट्याने दोन फुलं जास्तीची वाहू लागली.

कौल चुकत नसे, असं आम्ही मानत होतो. चुकला तर त्यात देवाची काहीतरी योजना असे. याच पद्धतीने आम्ही पहिला खेळ संपवला. पुढल्या वर्षी त्याच म्हाताऱ्या खलाशाने दुसरी वडी आणली आणि त्याच्या पुढल्या वर्षी तिसरी. दर वेळी काजूच्या बिया जायच्या आणि धुकं यायचं. आईसुद्धा आता जाता-येता विचारायची, "आज दिवजकारणीक बरा आसा मगो?" आणि मी सांगायचे, बरी आहे, डोंगर चढते आहे.

तिसरा खेळ आला त्या वर्षी दादाची बारावी झाली होती. एका शनिवारी बाबा आले ते नेहमीसारखे अंघोळीला गेले नाहीत. खुर्चीत बसले, पाणी मागितलं, आणि दादाला म्हणाले, "बोटीवर एक जागा आसा. शिकाऊ म्हणान घेतले. मी बोललंय." बोटीवर जाणं म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक होतं. नऊ-नऊ महिने घर नाही, मग दोन महिने सुट्टी, मग पुन्हा नऊ महिने. गावात अशी दोन घरं होती. तिथल्या बायका दारात फार वेळ उभ्या राहत. आईने पाव कापायची सुरी खाली ठेवली. बाबा म्हणाले, "तुझा तू ठरय. पुढच्या शनवारी माका सांग. मी जोर करूचंय नाय."

तो आठवडा मी जन्मात विसरणार नाही. दादा सारखा खेळत होता आणि मी सारखी नकाशे काढत होते. दोघांपैकी कुणीही बोटीचं नाव काढत नव्हतं. तो गेला तर या घरात दुपारी काय करायचं असतं, ते मला माहीत नव्हतं. मी पंधरा वर्षांची होते आणि मला दादाशिवाय एकही मैत्रीण नव्हती, हे त्या आठवड्यात मला पहिल्यांदा कळलं. 'जाऊ नको' हे दोन शब्द माझ्या तोंडात दिवसभर घोळत. पण आमच्या घरात असं कुणी कुणाला म्हणत नसे. लागलं-खुपलं तर आयोडेक्स मागायचं. मनातलं मागायचं नाही.

शनिवार उजाडला. अकराच्या सुमाराला आईने पेज वाढली. उकड्या तांदळाची गरम पेज, बाजूला खारातलं तोर, मिठात मुरलेली कैरी. मी माझं ताट घेऊन टीव्हीसमोर बसले. चौघे त्या धुक्याच्या देशाच्या टोकाला येऊन पोचले होते. पुढे एक दगडी कमान होती आणि कमानीपलीकडे नुसतं पांढरं. माझ्या नकाशाचं पान तिथे संपत होतं. दिवजकारीण पहिल्यांदाच खंडूच्या पुढे झाली, वळून उभी राहिली आणि काहीतरी बोलली. बराच वेळ बोलली. पट्टीत अक्षरांमागून अक्षरं आली. मग तिने विचारलं. दोन छोटे शब्द. एक वर, एक खाली.

दादाने यंत्र मांडीवर ठेवलं. "शैलू," तो पडद्याकडेच बघत म्हणाला, "माका ठरवूक जमणा नाय. ह्याच कौलात माझापण इचारतंय. उजवी पडली तर ती म्हणता ता वरचा, आणि मी बोटीर जातंय. डावी पडली तर ऱ्हवतंय. बाबा सांजचो येतलो, तेका मग सांगूया." आणि तो फुलं आणायला देवांकडे वळला, हात जोडून, डोळे मिटून, खरंखुरं गाऱ्हाणं घालत उभा राहिला. मग त्याने दोन पाकळ्या खुडून माझ्या हातात दिल्या, कारण पाणी माझ्याजवळ होतं, आणि पुन्हा डोळे मिटले.

डावी पाकळी मी पाण्यात बुडवली. उजवी पेजेत बुडवली.

बुडवली म्हणजे कशी, ते मला आजही बोटांना आठवतं. पेजेवर साय धरली होती. पाकळी तिच्यातून फिरवली, आणि काचेवर लावून अंगठ्याने घट्ट दाबली. दादाने डोळे उघडले तेव्हा दोन्ही पाकळ्या जागेवर होत्या. आम्ही बघत बसलो. बाहेर कुणाच्या तरी परसात सुके मासे भाजत होते, त्याचा वास येत होता. पंखा कुरकुरत होता. डावी पाकळी हळूहळू वाळली, तिचं टोक सुटलं आणि ती खाली पेटीवर पडली. उजवी हलली नाही. ती कशाला हलते!

"झालो कौल," दादा म्हणाला. त्याने सुस्कारा सोडला, आणि तो सुटकेचा की निराशेचा हे मला त्याच्याकडे बघवेना, म्हणून कळलं नाही. त्याने खालचा शब्द दाबला. दिवजकारीण थोडा वेळ उभी राहिली. मग तिने दिवा जमिनीवर ठेवला आणि ती खंडूच्या बाजूला बसली. चारी बाजूंनी धुकं आत आलं, पडदा पांढरा झाला, चार ओळी उमटल्या आणि खेळ संपला. इतक्या लवकर संपला म्हणून आम्हाला नवल वाटलं. "पुढच्या भागात उठतली ती," दादा म्हणाला. संध्याकाळी त्याने बाबांना सांगितलं, "बाबा, मी जावचंय नाय." बाबा बरं म्हणाले आणि अंघोळीला गेले. ती उजवी पाकळी मी दुसऱ्या दिवशी कुणी नसताना नखाने खरवडून काढली.

चौथा भाग आलाच नाही. त्या वर्षानंतर म्हातारा खलाशी आला नाही, आणि पुष्कळ वर्षांनी इंटरनेटवर कळलं की खेळ करणारी मंडळीच पांगली होती. जगभर आमच्यासारखे, जपानी न येणारे वेडे होते. दिवजकारणीला धुक्यात बसवून ठेवलेले लोक दर वर्षी एकमेकांना विचारत की ती कधी उठणार. दादा तो मजकूर माझ्याकडून वाचून घ्यायचा आणि म्हणायचा, "येतलो गो. सगळा येता." त्याचं आयुष्य इकडेच गेलं. डिचोलीला खाणीवर नोकरी लागली, लग्न झालं, मग खाणी बंद पडल्या. दोन वर्षं काहीच नव्हतं. मग त्याने वहिनीच्या माहेरच्या ओळखीने हरमलला चार खोल्या बांधल्या आणि परदेशी पाहुण्यांना भाड्याने देऊ लागला. प्रत्येक खाचखळग्यात तो एकच वाक्य म्हणायचा. खाण बंद पडली तेव्हा, समुद्राने कुंपण नेलं तेव्हा, बाबा गेले तेव्हा. "देवान माका हय ठेवल्यान. तोच बघतलो." हे वाक्य त्याच्या घराचा वासा होता. आणि त्या वाशाखाली काय आहे ते फक्त मला माहीत होतं. दर वेळी सांगावंसं वाटे, आणि दर वेळी मी आयोडेक्सच मागे.

गेल्या वर्षी माझी मुलगी मुग्धा पुण्याहून फोनवर किंचाळली, "आई, तुमचा धुक्याचा खेळ परत येतोय!" जुने तीन भाग नव्या रूपात, इंग्रजीत, आणि पाठोपाठ चौथा. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, माझ्या तोंडात ते बसत नाही. दिवाळीला ती नवं यंत्र घेऊन आली, हरमलला दादाच्या टीव्हीला जोडून दिलं, मामाला बटणं समजावली आणि सुट्टी संपली तशी परत गेली. त्यानंतर दर रविवारी मी कारापूरच्या माझ्या घरून हरमलला जाऊ लागले. पाहुणे समुद्रावर गेलेले असत. दादा बटणं दाबायचा आणि मी चष्मा लावून इंग्रजी वाचून त्याला मराठीत सांगायचे.

आमची किती फजिती झाली ते काय सांगू! पोदेर हा पोदेर नव्हताच, तो राजाचा सेनापती निघाला आणि डोक्यावरची टोपली म्हणजे त्याचं शिरस्त्राण. आजोबा हे चक्क खंडूचे धाकटे भाऊ, शापाने म्हातारे झालेले. आणि भाटकार! बिचारा भाटकार हा दिवजकारणीचा बाप होता. पोरीने धुक्यात जाऊ नये म्हणून तो तिची वाट अडवत होता. दादा हसून हसून खोकला. "तीस वर्सां मी तेका गाळी घातलंय," तो म्हणाला. धुकं आता कितीतरी सुरेख होतं, त्यात पाण्याचे थेंब दिसायचे, पण सूर तोच होता, बारीक आणि रडवेला, आणि हरमलच्या रस्त्यावरून पोदेरही तेव्हाच जायचा. दर रविवारी मी पुन्हा पंधरा वर्षांची होऊन घरी परतत असे.

आणि मग तो रविवार आला. दगडी कमान आली. दिवजकारीण पुढे झाली, वळली, बोलू लागली.

"वाच गो," दादा म्हणाला.

मी वाचलं. "या कमानीपलीकडे माझा दिवा एकटाच जळतो. तुम्ही सोबत असलात तर तो पलीकडे पोचत नाही. मी गेले तरच देशावरचं धुकं उठेल, आणि मग तुम्हाला माझ्यामागून येता येईल. मी जाऊ?" वर लिहिलं होतं, जा. खाली लिहिलं होतं, थांब.

दादा पुढे झुकला. "म्हणजे आमी..."

"आपण तिला थांब म्हटलं," मी म्हणाले. "म्हणून तो एवढ्यात संपला. खेळ अर्धा राहिला आपला. पलीकडचा देश आपण पाहिलाच नाही."

"पण कौल झाल्लो," दादा म्हणाला. तो हसत होता. "डावी पडल्ली. देवाक तसाच होया आसतला."

आणि मला ते सहन झालं नाही. इतकी वर्षं जे दाबून ठेवलं होतं ते त्याच्या त्या हसण्यापुढे टिकलं नाही. मी सांगितलं. उजवी पाकळी पेजेत बुडवली होती, अंगठ्याने दाबली होती, तू जाऊ नये म्हणून. सांगताना मी शाळेतल्या पोरीसारखी रडत होते. दादाने माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, जिथे दिवजकारीण उत्तराची वाट बघत उभी होती.

"इतकी वर्सां मी देवाक धरून बसलंय," तो हळू आवाजात म्हणाला. "आणि देव म्हणजे तू?" मग तो उठला. "पाण्याची मोटर चालू रवली," म्हणाला आणि मागच्या दाराने गेला. मोटर बंद असल्याचं मला तिथून ऐकू येत होतं. तो परत आला नाही. वहिनीने चहा दिला, तो तसाच ठेवून मी बस पकडली.

चार दिवस फोन नाही. मी दोनदा केला, तो उचलला नाही. मला वाटलं, संपलं. मी त्याचा बोटीवरचा जन्म तर घेतलाच होता, आता उरलेल्याचा आधारही काढून घेतला. शाळेत पोरांना नकाशात समुद्र निळा रंगवायला सांगितला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले.

पाचव्या दिवशी सुट्टी होती. अकराच्या सुमाराला दारात स्कूटर थांबली. दादा. पायांच्या मध्ये कापडी पिशवीत ते यंत्र, हरमलहून कारापूरपर्यंत असं आणलेलं, आणि काखेत कागदाची एक सुरळी. आत आला, पंख्याखाली बसला, घाम पुसला.

"पेज आसा?"

मी वाढली. तो जेवला. तोर चोखून चोखून खाल्लं, पेज भुरकली, पुन्हा मागितली. मग भांडं तोंडाला लावून शेवटचा थेंबसुद्धा प्याला आणि ते रिकामं भांडं माझ्यासमोर उलटं करून दाखवलं.

"संपली," तो म्हणाला. "आता लाव पाकळ्यो."

मी हसले की रडले ते मला सांगता येणार नाही. त्याने यंत्र जोडलं. दिवजकारीण अजून तिथेच होती. मी अंगणातून पिटकोळीचं फूल आणलं आणि वाटीत साधं पाणी घेतलं. या वेळी पाकळ्या त्याने स्वतः खुडल्या, स्वतः बुडवल्या, स्वतः लावल्या. नव्या टीव्हीच्या गुळगुळीत पडद्यावर त्या धड चिकटेनात. दोन्ही एकदमच खाली घसरू लागल्या.

"एक सांगतंय," तो पाकळ्यांकडे बघत म्हणाला. "तेवा माका जावचा होता काय नाय, ता माका आजपण म्हायत नाय. पण पेज कित्याक गो? नुसता 'ऱ्हव' म्हटलंस असतंस, तरी मी ऱ्हवलंय असतंय."

पाकळ्या घसरत होत्या, उजवी जरा पुढे, मग डावी पुढे. त्या पडायची वाट त्याने बघितली नाही. त्याने वरचा शब्द दाबला.

दिवजकारीण वळली आणि कमानीतून गेली. दिवा लहान लहान होत गेला, दिसेनासा झाला, आणि मग त्या ठिपक्यापासून धुकं उठू लागलं. आधी गवत दिसलं, मग एक नदी, मग नदीचं मुख, आणि त्याच्यापुढे इतका मोठा समुद्र की दादा आणि मी दोघेही मागे सरकलो.

त्याने सोबत आणलेली सुरळी माझ्या मांडीवर उलगडली. वर माझे जुने नकाशे होते, पिवळे पडलेले, सगळे, कमानीशी संपणाऱ्या शेवटच्या पानासकट. त्यांच्याखाली यंदाच्या कॅलेंडरची पानं होती, कोऱ्या बाजूने वर केलेली.

"पेन्सिल खंय आसा तुझी?" दादा म्हणाला. "काड."